दिवेलागणीची वायर

माझी बायको धवलारीन होती, लग्नातले धवले गाणारी. आमच्यात धवलारीन गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही. वळ गावापासून अंबाडीपर्यंत तिला बोलावणी यायची. मी लूमवरची शिफ्ट संपवून घरी यावं, तर ही कुणाच्या तरी मांडवात.

"भाकरी कोण थापणार?" मी ओरडायचो.

"तुमचं हात काय मशीनमधी गेलं?" म्हणायची आणि निघायची.

पुढं पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरनं हात वर केले. तेव्हा भिंतीला टेकून ती जमेल तसं गायची आणि आमची एकुलती मुलगी मोबाइलवर भरून घ्यायची.

"तुझ्या हळदीला मी नसली त हेच लाव," ती पोरीला म्हणाली.

"आये, कायपण नको बोलू."

"कायपण न्हाय. दुसरी बाई आणशील, ती घाईत गाईल. मधली कडवी खाईल."

ती गेली. मुलीनं सगळे धवले घरच्या कॉम्प्युटरवर टाकले. मोबाइल नंतर बदलला. मुलगी गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. तिथं हिशेब बुडू नयेत म्हणून तिनं रोज आपोआप प्रत काढणारी एक स्क्रिप्ट लिहिली होती, तीच घरी बसवली. मला दाखवली. चार ओळींची सेटिंग होती: कुठनं घ्यायचं, कुठं ठेवायचं, किती वाजता, किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या. तिनं सात लिहिलं. आठवी आली की सगळ्यात जुनी आपोआप पुसायची.

"बाबा, तुम्ही फक्त संध्याकाळी या बाहेरच्या डिस्कची वायर लावायची. बाकी ती बघते."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण वायर लावता येते. पूर्वी दिवेलागणीला बायको देवापुढं दिवा लावायची. आता मी दिवा लावायचो आणि मग वायर. पडद्यावर 'कॉपी झाली' यायचं. तेवढं वाचलं की घास गिळायचा. धवले मात्र कधी लावले नाहीत. ऐकवलंच नसतं मला. ती आत आहे, एवढं मला पुरत होतं.

वज्रेश्वरीला माझी बहीण असते. माझे गुडघे सुजले तेव्हा तिचा फोन आला. "ये महिनाभर. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बस."

"न्हाय जमणार. वायर कोण लावंल?"

"मेल्या, वायर लावाया बसलायस काय म्हातारपणी?"

नाही गेलो. ताप असतानाही उठून लावली.

मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या आधी ती धवले पेनड्राइव्हवर घ्यायला बसली. नावं सगळी होती. एकही वाजेना. तिनं बाहेरची डिस्क उघडली. तिथंही तेच, सातही दिवसांच्या प्रतींत. कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, आतली डिस्क कधीची सडत होती. धवल्यांची नावं तेवढी राहिली होती, आत काही नव्हतं. आमची स्क्रिप्ट रोज ती मेलेली नावं इमानानं उचलून ठेवत होती, आणि जागा करायला जुनी चांगली प्रत पुसत होती. जुनं परत काढायचा त्यानं लय प्रयत्न केला. निघालं नाही.

"मी सातच का लिहिलं, बाबा? एकदा तरी लावून बघायला हवं होतं मी," मुलगी रडत म्हणाली.

"तुझी चूक न्हाय, बाय."

तिची नव्हतीच. मी बसून हिशेब केला. बहिणीकडं जाऊन तिथंच राहिलो असतो तर वायर निघालेली राहिली असती आणि चांगल्या प्रती तशाच पडून राहिल्या असत्या. खाटेला खिळलो असतो तरी ती वाचली असती. आळशी माणसाच्या घरात ती आज गात असती. मी एकही संध्याकाळ चुकलो नाही, म्हणून ती गेली. लोक म्हणतात, काळजी घेतली तुम्ही. त्यांच्या तोंडात मारावीशी वाटते.

हळदीला अंबाडीकडची धवलारीन आणली. आवाज बरा होता. तिला संध्याकाळी अजून एक मांडव गाठायचा होता. मुलगी पाटावर मान खाली घालून बसली होती. मी मांडवाच्या खांबाला धरून ऐकत होतो. मध्येच बाई धवल्यात पुढं सरकली. मधली कडवी तिनं खाल्ली, माझ्या कानाला बरोबर कळलं. मुलीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

ती कडवी काय होती, ते मला येत नाही. इतकी वर्षं बायकोशी भाकरीवरून भांडण्यात गेली. आता सांगणारंही कुणी उरलं नाही.