नाथाजी मेंबरांचा हात

नाथाजी पवार औंध संस्थानच्या असेंब्लीत मेंबर कसे झाले, याचं त्यांच्या बायकोला, राहीबाईंना, कधी कोडं पडलं नाही. नवऱ्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही, एवढं एकच कारण. एकोणचाळीस साली कारभार रयतेच्या हाती आला, तेव्हा कुंडल भागातल्या त्यांच्या गावाने त्यांना पंच केलं, पंचांनी तालुक्याला धाडलं, तालुक्याने औंधला. संस्थान विलीन होईपर्यंत मेंबरकी टिकली.

एकदा तर ठरावाच्या बाजूनेही त्यांनी हात वर केला आणि विरुद्धही. अध्यक्षांनी विचारलं, तर म्हणाले, "दोगांचंबी खरं हाय, सायेब."

लोकांना हसायला काय जातंय! गुऱ्हाळाचा नंबर जायचा तो राहीबाईंचा. गावात चरक एक, कढई एक. ऊस नंबराने गाळायचा. नाथाजी दोन वर्षं आपला नंबर दुसऱ्याला देत आले. "मेंबरानंच आदी गाळला म्हंत्याल लोक." तिसऱ्या वर्षी उसाला तुरे आले, कांडी पोकळ पडू लागली, तरी हे गावातल्या भाऊसोंना आपल्या नंबराचा शब्द देऊन औंधला गेले.

राहीबाईंनी ऊस तोडला, गाडी भरली आणि चरकापुढे आणून उभी केली. मागून भाऊसोंची गाडी आली.

"वैनी, मेंबरांनी शब्द दिलाय."

"मग त्यांचा शब्दच घाला चरकात. ऊस माझा हाय." त्यांनी भाऊसोंच्या गाडीतलं एक कांडं सोलून चावलं आणि थुंकलं. "पानचट! पंधरा दिस थांबला तर काय बिगडतंय?"

तेवढ्यात औंधहून, मिळेल त्या वाहनाने नाथाजी आले. भाऊसो म्हणाले, "मेंबर, शब्द दिलासा का न्हाई?"

"दिला की."

"आवं, आन माझा वाळलेला ऊस?" राहीबाईंनी विचारलं.

नाथाजींनी दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. सवयीने हात वर जाऊ लागला.

"हात खाली!" राहीबाई कडाडल्या. "तोंडानं बोला."

 नाथाजींनी हात खाली घेतला. "भाऊसो... माजं चुकलं. न्हाई जमायचं."

भाऊसो इतके चकित झाले, की भांडायचंच विसरून बैल वळवायला लागले.

उशिराचा ऊस तो. गूळ तांबडा, मऊ निघाला. नाथाजींनी खडा जिभेवर ठेवला.

"बरा झालाय न्हवं?"

"न्हाई," राहीबाई म्हणाल्या, आणि पुढची ढेप बांधायला घेतली.