दीपगृहातली चांदीची डबी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बसवण्णांना मानणारं. अंगात येणं, उतारे, करणी — या सगळ्याची अप्पा, म्हणजे माझे वडील, इतकी टर उडवायचे की गल्लीतल्या बायका आमच्या दारात असले विषयच काढत नसत. तरीही ही एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे... आता नव्वदीला आले, म्हटलं लिहून टाकावी.

तेव्हा आमचा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. चिटगुप्प्याच्या बाजारात अप्पांचं कंदिलांचं दुकान होतं. काचा, वाती, पेट्रोमॅक्सचे मेंटल, म्हणजे बत्तीत पेटणाऱ्या जाळीदार पिशव्या, विकायचे आणि गळक्या टाक्यांना डाग देऊन द्यायचे. जन्मभर दिवे विकणाऱ्या या माणसाला एकच हौस होती — जगातला सगळ्यात मोठा कंदील बघायची. कुणा गिऱ्हाइकाने दीपगृहांबद्दल सांगितलं आणि त्यांनी ध्यासच घेतला. समुद्र तर आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. शेवटी माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, एक सेकंडहँड जीप घेतली आणि एका मे महिन्यात आम्ही तिघं निघालो.

"दिवा बघायला एवढं लांब कामून जायलाव?" अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली. "घरात काय कमी हाईत?" ती काही आली नाही.

सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून रत्नागिरी. अण्णाची शाळा उर्दूत झालेली, त्यामुळे मराठी पाट्या तो एकेक अक्षर लावून वाचायचा. तोवर जीप पाटीच्या पुढे गेलेली असायची. रस्ता बऱ्याचदा चुकलो. पण रत्नागिरीचं दीपगृह बघून अप्पा असे खूश झाले की तिथल्या माणसाला प्रश्न विचारून विचारून त्यांनी हैराण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेत पूजा उरकली आणि म्हणाले, अजून एक बघू. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालो. त्या पुढच्या दीपगृहाचं नाव मुद्दाम देत नाही.

वाटेत खाडी होती, पूल नव्हता. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर जीप चढवून पलीकडे जायचं. खाडीच्या मध्यावर अप्पा वाकून पाणी बघत होते. उपरणं सावरताना बोटं दोऱ्यात अडकली, गळ्यातला दोरा तुटला आणि चांदीची डबी पाण्यात गेली.

त्या डबीत त्यांचं इष्टलिंग होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — आम्हा लिंगायतांत प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं लिंग असतं, गुरूंनी दिलेलं. दुसऱ्याचं चालत नाही. त्याची पूजा झाल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही, आणि ते हरवलं तर नवं मिळेपर्यंतही नाही. मी आणि अण्णा यात जरा ढिले होतो, अप्पा अजिबात नव्हते. नावाड्यांनी बुड्या मारल्या, पण त्या गढूळ, ओढीच्या पाण्यात काय सापडणार? अप्पांच्या मुठीत दोऱ्याचा एक तुकडा तेवढा राहिला.

पलीकडे उतरल्यावर अण्णाने पाण्याचा तांब्या पुढे केला. अप्पांनी तोंड फिरवलं.

"माझं लिंग गेलं. आता पानी न्हाई."

"अप्पा, सोलापूरच्या मठात जाऊ की. स्वामी नवं देतील. तोवर पानी तर घ्या."

"तोवर जगलो तर घेईन."

रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाले. 

ओहोटी लागली होती, आणि रात्री होड्या चालत नसत. जीप परत न्यायची तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीपर्यंत थांबणं भाग होतं. त्यानंतर सोलापूरचा रस्ता, त्या उन्हात... आणि साठी उलटलेला माणूस. रात्र एका शाळेच्या ओसरीवर काढली. सकाळी त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती. मी पाय धरले, रडले, अबोला धरीन म्हटलं. काही उपयोग झाला नाही.

"भरतीला येळ हाय नव्हं?" ते म्हणाले. "आलोच हाव तर दिवा बघून घेऊ."

मला वाटलं, माणूस शेवटची इच्छा सांगायलाय. चढावर जीप तापली, अण्णाने तिच्यात घागरभर पाणी ओतलं. गाडी पाणी प्याली, अप्पा प्यायले नाहीत.

दीपगृहाच्या दारात तिथले दिवा सांभाळणारे गृहस्थ उभे होते. उकाड्याने अण्णाच्या शर्टाची बटणं उघडी होती, त्याची डबी दिसत होती. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"असलीच एक डबी मला सापडलीय हो. तुमच्यापैकी कोणाची हरवली आहे काय?"

ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली डबी घेऊन आले. अप्पांचीच होती. तिची बिजागरी तुटली तेव्हा अप्पांनी दुकानातच कथलाचा डाग दिला होता. चांदीवर तो राखाडी गोळा इतका वाईट दिसायचा की अव्वा कायम त्यावरून चिडवायची. तोच गोळा. आत तेच लिंग. आणि दोरा... अख्खा होता.

"कुठं सापडली?" अण्णाने विचारलं.

"वर, भिंगाशेजारी. काल पहाटे दिवा मालवून उन्हासाठी पडदे लावत होतो, तर कठड्यावर ही. वर कोणी चढलेलं नाही, किल्ली माझ्या कमरेला असते."

काल पहाटे! पण उजाडल्यावर धर्मशाळेत अप्पांनी हीच डबी उघडून पूजा केली होती. विभूती मीच हातात दिली होती. खाडीत पडली ती त्याच्यानंतर, आमच्या तिघांच्या देखत.

अप्पांनी डबी कपाळाला लावली, तिथेच पायरीवर बसून पूजा केली. मग तांब्या तोंडाला लावला. पाणी घशाखाली उतरताना त्यांच्या गळ्याची घाटी हलत होती आणि मी वेड्यासारखी ती बघत रडत होते. तांब्या खाली ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वरी मेंटल कोणत्या मापाचं लावता?"

मी आधी अण्णावरच संशय घेतला. पण त्याची डबी त्याच्या गळ्यात होती, आणि तो क्षणभरही आम्हाला सोडून गेला नव्हता. अण्णा म्हणायचा, कुणा दुसऱ्या लिंगायत प्रवाशाची असेल. मग तो डाग?  अप्पांच्या मुठीत राहिलेला तुकडा आम्ही घरी आणला. अव्वाने तो डबीच्या अख्ख्या दोऱ्याशेजारी धरून पाहिला. दोन्हींचा पीळ तिच्याच हातचा होता.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी अप्पांना विचारलंच, "हे कसं झालं असंल ओ?"

ते कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, "तुला बाप पायजे होता का कारण पायजे होतं?"

कारण मला अजून सापडलेलं नाही. बाप मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षं मिळाला.