बाबांचे खांदे
एआयने काढलेली चित्रं मातीत उभी करायची, हा माझा सध्याचा उद्योग. चित्रात माणूस झकास दिसतो, पण त्याची पाठ मागा, एआय दरवेळी नवीनच पाठ काढून देतो. कुठे फसलाय ते मातीत लगेच कळतं. तोवर सगळी गंमत होती. मग आई म्हणाली, बाबांना घडव, आणि माझी झोपच उडाली.

आईचे डोळे काचबिंदूने जवळजवळ गेलेत. तिला बाबांना हात लावून बघायचं होतं. ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांचा एकच फोटो, छातीपर्यंतचा, कोट-टायमधला. तो मी मशीनला दिला, तर त्याने अख्खा माणूस काढून दिला, भरदार, रुंद खांद्यांचा. मी वेडी हरखले. माझा बाप असा होता! लालबागला गणपतीवाल्यांच्या कारखान्यातला एक कोपरा माझ्याकडे भाड्याने आहे, तिथे शाडूत बाबांना कमरेपर्यंत उभं केलं. कोट काढून साधा सदरा घातला, बाबा मिलमध्ये कामाला, तिथे कोट घालून कोण जातं?

परळहून आईला टॅक्सीने आणलं. तिने कपाळ, नाक, मिशी चाचपली, हसली. हात खांद्यांवर आले आणि थांबले.

"हा कोण गं?"

माझं डोकंच फिरलं. फोटोतलेच खांदे आहेत, म्हटलं, मनाचं काही केलेलं नाही.

"तो कोट स्टुडिओवाल्याचा होता," आई म्हणाली. "आख्ख्या चाळीने त्याच कोटात फोटो काढलेत. ह्यांना तर ढगळ होत होता, मागून चिमटे लावले होते."

शेजारच्या काकांचा फोटो आठवला, मग मामाचा. तोच कोट. मशीनने चिमट्यांच्या कोटावरून माझा बाप बेतला होता आणि मी त्याला माती थापत बसले होते. इतका संताप आला की पातं उचललं आणि खांदे तासायला लागले. थोडे उतरवायचे, आईला हात लावून बघायला सांगायचं. ती मिठी मारल्यासारखे दोन्ही हात टाकायची आणि म्हणायची, अजून. मी पुन्हा तासायचे. अजून. आतला लाकडी सांगाडा दिसायला लागला तेव्हा मी ओरडलेच तिच्यावर, नीट आठव ना, नेमके केवढे होते ते.

आईने हातांची माती पदराला पुसली.

"इतकी वर्षं मी तरी काय बघत होते? फोटोच ना," ती म्हणाली. "मला पण आता ते कोटातलेच आठवतात. मिठीत केवढे मावायचे, ते ह्या हातांनाच ठाऊक."

आणि तिने पुन्हा दोन्ही हात पुढे केले.