नाव घेईपर्यंतचा ठेका

फोन यांच्याच नंबरावरून आला, म्हणून उचलताच मी म्हटलं, "अजी, कुठवर आलात? भात निवून रायला." पलीकडून दुसराच आवाज आला. सालेकशाला स्टेशनाजवळ चहाची टपरी असलेला कोणी माणूस होता. "भाभी, घर में कोई आदमी है क्या? उनको फोन दो," एवढंच तो म्हणाला. मी फोन दिराच्या हातात दिला आणि यांच्या ताटावर झाकण ठेवलं. तिथल्या शारदा मंडळात कार्यक्रम ठरवायला हे सकाळी गेले होते. बोलणं झालं, तारीख पक्की झाली, मग चहा घेऊन बाकावर बसले आणि बसल्या जागीच कलले. चहा अर्धा प्यायला होता, असं त्या टपरीवाल्यानं नंतर घरी येऊन सांगितलं. त्याला वाटलं, आम्हाला हे समजलं पाहिजे. बरं केलं त्यानं. मला ते समजायला हवंच होतं.

हे जाऊन आता काही आठवडे झाले. कापणी संपत आली आहे. लोक अजून येतात, बसतात, यांच्या गाण्याबद्दल बोलतात. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, मी चहा ठेवायला आत जाते. पण आत चुलीपाशी सगळं आठवत राहतं, ते कुठेतरी उतरवून ठेवावं म्हणून लिहिते आहे.

हे लहानपणापासून दंडारीत गायचे. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि दुपारी गावाच्या मधोमध दंडारीचं नाचगाणं होतं. ढोलकीवर लखनभाऊ असायचे. हे आणि लखनभाऊ दोघंही आमच्या मुर्री गावचेच, शाळेपासूनचे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या नणंदेनं मला बायकांच्या गर्दीतून बोट दाखवून सांगितलं होतं, "तो पाय तुहा नवरा, दंडारीत घसा फाडून रायला." पुढे चार-पाच जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला. लग्नात, बारशात, रिटायरमेंटच्या कार्यक्रमात गायचे. मग डीजे आले. एक जण नागपूरला नोकरीला गेला, एकानं किराणा टाकला, लखनभाऊंनी सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं, आणि पार्टी मोडली. कोणी भांडलं नाही. एका वर्षी कोणाचा फोन आला नाही, एवढंच.

एक-दोन वर्षं हे शेतीच पाहत होते. मग एक दिवस गोंदियाहून मोठा स्पीकर, माईक आणि एक लहान मिक्सर घेऊन आले आणि म्हणाले, आता आपण एकट्यानंच गायचं, आणि फक्त गुरुजींची गाणी. गुरुजी म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातले एक मोठे गायक. हे त्यांना कधी भेटले नव्हते. पण त्यांच्याबद्दल बोलताना कानाच्या पाळीला हात लावायचे आणि गुरुजीच म्हणायचे. गाण्यामागचा सगळा बाजा मोबाईलमध्ये मिळतो, त्याला ट्रॅक म्हणतात. आपण फक्त गायचं. माझे सासरे तेव्हा होते. ते अंगणातून म्हणाले, "बाजेवाले पेटीत, अन् गानारा एकटा. मंग लोकायनंबी घरीच बसाव ना, येतील कायले?" हे हसले. धानाची पोती ठेवायच्या खोलीत यांनी तालीम सुरू केली. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. मी दळण निवडत दाराशी बसायची. पार्टीत असताना यांचा आवाज चार आवाजांत मिसळलेला असायचा. त्या खोलीत मी तो पहिल्यांदा सुटा ऐकला... आणि मला जरा लाजल्यासारखं झालं, कोणाचं काही चोरून ऐकावं तसं.

पहिला कार्यक्रम कामठ्याच्या मंडईत ठरला. यांनी पांढरा शर्ट शिवला, केसांना गुरुजींसारखं वळण दिलं. मी आणि धाकटी जाऊ शांता बायकांमध्ये बसलो होतो. पहिलं गाणं चांगलं झालं. दुसरं गाणं रंगात आलं आणि तिथले एक म्हातारे पाटील नारळ आणि दुपट्टा घेऊन स्टेजकडे निघाले. दंडारीत असं कोणी आलं की गाणारा थांबतो. वाकून नारळ घेतो, कपाळाला लावतो, कोणाच्या नावानं म्हणून विचारतो आणि ते नाव गावासह सगळ्यांना ऐकवतो. तेवढा वेळ ढोलकीवाला ठेका धरून ठेवतो. मग गाणारा सोडलं होतं तिथूनच गाणं उचलतो. हे जन्मभर तेच करत आले होते. पाटील आले तसे हे थांबले, वाकले, दुपट्टा खांद्यावर घेतला, नाव विचारलं, नीट घेतलं. मोबाईल कोणासाठी थांबतो? ट्रॅक पुढे निघून गेला. हे परत गायला लागले तोवर मागचा बाजा शेवटच्या कडव्यावर पोचला होता. यांनी धावत गाठायला पाहिलं, शब्द मोडले, आणि बाजा संपला तरी यांचं गाणं चालूच राहिलं. मागून एक पोरगा ओरडला, "काका, गानं घरी पोचलं, तुमी रस्त्यातच रायले!" सगळी मंडई हसली. पाटीलसुद्धा हसले. शांतानं माझा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी पार्टीतल्या, नागपूरला गेलेल्या जोडीदाराचा फोन आला. तो म्हणाला, आता शहरात कोणी थांबत नाही, गाता गाता मान हलवायची, हात जोडायचे, नारळ मागच्या माणसानं घ्यायचा. यांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "मानूस गर्दीतून चालत येते. त्याले मान हलवून परत पाठवू काय? तसं गायचं असंल तर मी नाई गात व." स्पीकरवर माझं जुनं लुगडं झाकून तो पोत्यांमागे सरकवला. मी समजूत घालायला पाहिली नाही. यांना दोन्ही पाहिजे होतं, गुरुजींची गाणी एकट्यानं गायची आणि येणाऱ्या माणसासाठी थांबायचंही. त्यातलं एक सोडा असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

बरेच दिवस घरात गाणं नव्हतं. मग एकदा लखनभाऊ धान न्यायला आले. त्यांना पाहून मला सुचलं. त्यांच्यासमोर बोलायचा धीर झाला नाही म्हणून मी यांना आत बोलावून म्हटलं, "लखनभाऊंचा ठेका दुसऱ्या मोबाईलमध्ये भरून ठेवला तर? नारळ आला की ट्रॅक थांबवायचा अन् हा सोडायचा." हे म्हणाले, "अन् सोडंल कोन? माह्या हातात तं नारळ असंल." बाहेरून लखनभाऊच म्हणाले, "जिनं सांगितलं तिच्याच हाती द्या ना जी." दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग त्याच खोलीत लखनभाऊंनी एकेका गाण्याच्या चालीचा ठेका वाजवून दिला. मी ट्रॅकचा आवाज डाव्या हातानं हळूहळू खाली घ्यायचा आणि ठेक्याचा वर आणायचा. नाव घेऊन झालं की परत उलटं, आणि ट्रॅक त्या कडव्याच्या तोंडाशी आणून सोडायचा. पहिले कितीतरी दिवस माझं चुकायचं, मधेच सगळं गप्प व्हायचं. तालमीत नारळ घेऊन यायचं काम शांताचं होतं. ती मुद्दाम वेळी-अवेळी यायची, कधी नारळाऐवजी वांगं घेऊन. "वांगंवाल्या शांताबाई, मुक्काम सैपाकखोली," असं हे मोठ्यानं नाव घ्यायचे आणि मी हसण्यात बटण विसरायची. मी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. मी स्पीकरच्या मागे बसेन, लोकांकडे पाठ करून. आणि माईकवर माझं नाव घ्यायचं नाही. दुसरी गोष्ट यांना पटली नव्हती, पण यांनी ती पाळली.

त्यानंतर यांचं गाणं चाललं. गणपतीत, शारदा उत्सवात, मंडईत बोलावणी यायची. दुसरे गाणारे यांच्यापेक्षा गुरुजींच्या जवळ जाणारे होते, हे स्वतःच तसं सांगायचे. पण यांच्या कार्यक्रमात कोणीही उठून आलं तरी गाणं त्याच्यासाठी थांबायचं, आणि बाजा न तुटता. मोबाईलमधला बाजा कसा काय थांबतो, हे लोकांना कळायचं नाही, म्हणून ते आणखी यायचे. सालेकशाकडच्या जंगलातल्या एका गावात एक गोंड आजोबा नारळ नाही म्हणून ओंजळभर सुकी चारं, चारोळीची फळं, घेऊन आले. यांनी त्यांचं, त्यांच्या बायकोचं आणि पाड्याचंही नाव घेतलं. आजोबा खाली उतरले आणि पुन्हा चढून आले, म्हणाले, "मुलाचं रायलं." मी पाठ करून बसलेली, मला काही दिसायचं नाही. यांचा आवाज थांबला की मी ठेका सोडायची आणि ऐकत राहायची, कोण आलं, कुठलं, कोणाचं. या जिल्ह्यातली किती गावं मी अशी नुसत्या कानानं ओळखते.

यंदा मंडई आली तेव्हा आमच्या घरी अर्थातच काही नव्हतं. दुपारी शांता आली. "बाई, चला."

"यंदा आपलं काही नाही वं."

"आपलं नाई. त्यायच्या नावानं हाये." तिच्या हातात नारळ होता. मी म्हटलं, तूच दे, माझ्या हातचा कसा चालेल, लोक काय म्हणतील. शांता म्हणाली, "लोकायले पायजे ते म्हनतील. मंग कोन नेईल?" आणि तिनं नारळ माझ्या हातात ठेवला.

दंडार चालू होती. लखनभाऊ ढोलकीवर होते, गाणारा कोणी नवा मुलगा होता, बाहेरगावचा. मी गर्दीतून कशी गेले ते मला सांगता येत नाही. जवळ गेले तशी त्यानं गाणं थांबवलं, वाकून नारळ घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "कोनाच्या नावानं, काकू?"

लग्नात उखाणा घेतला, दोन-चार हळदीकुंकवांत घेतला, त्याशिवाय मी यांचं नाव कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. कार्यक्रमात ते पोस्टरवर असायचं, लोक घ्यायचे, मला कधी गरज पडली नाही. मुलगा माईक हातात धरून उभा होता. लखनभाऊंनी मान वर करून पाहिलं, मला ओळखलं, आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांचा हात थांबला नाही. ठेका फिरून फिरून येत राहिला... कोणी हसलं नाही, कोणी घाई केली नाही. मला वाटलं, मी उद्यापर्यंत उभी राहिले तरी ते वाजवत राहतील.

मग मी म्हटलं, "टेकचंद. मुर्रीचे टेकचंद."

मुलानं ते माईकवर घेतलं, नीट, गावासह. मी मागे वळले तेव्हा त्यानं गाणं सोडलं होतं तिथूनच उचललं होतं.