साध्या बाटलीतली गोळी

आमच्या संस्थानाच्या विलीनीकरणाला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तुळजापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय सत्तेचाळीस. पाळी बंद होत आली अन् अंगाची नुसती भट्टी पेटली. फळ्यावर गणित लिहिता लिहिता मानेपासून कपाळापर्यंत लालबुंद व्हायची, घामानं पोलकं भिजायचं.

आमचं घर पुजाऱ्यांचं. एकदा घरच्या आरतीत तसंच झालं, तर आळीतल्या बायांनी मला धरून पाटावर बसवलं, मळवट भरला अन् पाया पडल्या. "अंगात आली!" म्हणे. कसली अंगात आली! मला गार फरशीवर आडवं व्हायचं होतं. पण पुढच्या मंगळवारी दारात बाया हजर. कुणाला नातू पाहिजे, कुणाला नवऱ्याची बदली. एकदा त्या पाटावर बसले की माझी शाळा संपली, हे मला लख्ख दिसत होतं. अन् शाळा मी घरादाराशी भांडून मिळवलेली.

मी तडक सोलापूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ठरावीक दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या. मोठ्या कंपनीची झकपक डबी. काही दिवसांत चांगला फरक पडला. पण सासूबाईंनी डबी आधी देव्हाऱ्यात ठेवून हळदीकुंकू वाहिलेलं, त्यामुळं गुण आला तो देवीचा अन् डबीचा. नवरात्र तोंडावर आलं अन् डबी संपली, गोळ्यांचे दिवस मात्र अजून उरलेले. गावात ती मिळेना. औषधाच्या दुकानदारानं एक तपकिरी बाटली पुढं केली. "बाई, औषध तेच हाय. कंपनीचं नाव तेवढं न्हाय."

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "असलं बिननावाचं काय खातीस? नवरात्रात घाम फुटला तर समज, देवीच बोलावतीया."

असा संताप आला म्हणून सांगू! रिकाम्या डबीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव होतं. ते मी बाटलीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. गोळीतल्या औषधाचं वजनही जुळलं. तरी फाजील शहाणपण नको म्हणून डॉक्टरीणबाईंना कार्ड टाकलं. उत्तर आलं, औषध एकच, मात्रा तीच, बिनघोर घ्या. बाटली मी देव्हाऱ्याकडं नेलीच नाही, शाळेच्या पिशवीत ठेवली.

अष्टमीच्या आरतीला पाट मांडूनच ठेवलेला. बाया माझ्याकडं टक लावून. आरती संपली तरी मी कोरडी ठणठणीत. एक म्हातारी हिरमुसून म्हणाली, "देवी गेली का वं, बाई?"

"देवी हाय तिथंच हाय," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "गेली ती माझी पाळी. त्यावर गोळी घेते, साध्या बाटलीतली." पुरुषमंडळीही होती. असेनात! आजही ते आठवलं की माझी मान ताठ होते.

बाया गेल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या. माझ्याच वयात त्यांनाही पाटावर बसवलेलं. गुडघे जाईपर्यंत त्या दर मंगळवारी तिथंच होत्या. मला वाटलं, आता फैलावर घेणार. त्यांनी बाटली मागून घेतली, हातात फिरवली.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मला बी असाच घाम फुटायचा गं. मी पाणी मागितलं, तर बायांनी नारळ पुढं केला."