बारावी किल्ली

किल्लीबाईंच्या कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा असे, आणि बाई वळणावर दिसायच्या आधी त्यांचा खळखळाट पोचत असे. इस्पितळाच्या भांडारात त्यांना बावीस वर्षं झाली होती. हातमोजे, पट्ट्या, कापूस, सलाईनच्या बाटल्या, सुया, जे काही वॉर्डात लागे ते त्यांच्या हातून जाई. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

बारावी किल्ली जुडग्यात नव्हती. ती चष्म्याच्या डबीत, पुसायच्या कापडात गुंडाळलेली असे. भांडाराच्या शेवटच्या कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यांच्या आड, एक राखाडी कपाट उभं होतं, त्याची ती किल्ली. या कपाटाची नोंद कुठल्याही वहीत नव्हती. बाई त्याला अडीनडीचं कपाट म्हणत, पण मनातल्या मनात.

तसं त्याला कारणही होतं. बाई नव्यानं लागल्या तेव्हा एकदा मालाच्या गाड्या नऊ दिवस बंद पडल्या. ऑपरेशनच्या खोलीतले हातमोजे संपले आणि डॉक्टरमंडळी हातावर हात ठेवून बसली. त्या वेळी बाईंनी टेबलाखालून सहा खोकी काढून दिली. लागतील कधी म्हणून सारून ठेवलेली. सगळ्यांदेखत पाठ थोपटली गेली. माणसाला एकदा शाबासकी मिळाली की ती पुन्हा मिळेल या आशेवर तो जन्मभर तेच करत राहतो. टेबलाखालची जागा पुरेना, म्हणून कपाट आलं. कपाट आलं म्हणून कुलूप आलं.

मग इस्पितळात नवा नियम निघाला. भांडाराचा प्रमुख व्हायचं तर विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा. नाव असं लांबलचक की म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागे: ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट. जुने प्रमुख निवृत्त व्हायला आलेले. कामाला बाईंच्या जवळपास फिरकेल असं कुणी नव्हतं, पण कागद नव्हता. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी पाठीला दप्तर लावलं.

त्यांची नणंद त्याच इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डाची मोठी सिस्टर होती. तिनं पहिल्याच दिवशी टोमणा हाणला. "वहिनी, आता भांडारवाल्या ऑपरेशनं शिकणार, मग डॉक्टरांनी काय खोकी मोजायची का?"

"मोजू देत की वन्सं. निदान बरोबर तरी मोजतील. तुमच्या वॉर्डासारखं नाही."

मुलगी त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती. तिनं तर तहच केला. "आई, कॅन्टीनमध्ये मला हाक मारायची नाही. आणि डबा खाताना बाकीच्यांना वाटत बसायचं नाही." पहिल्याच शनिवारी बाईंनी हाकही मारली आणि डबाही वाटला. महिन्याभरात मुलीच्या मैत्रिणी तिला सोडून आईच्या बाकावर बसू लागल्या.

शनिवार-रविवार वर्ग असे. शिकवणारे सर बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी 'मावशी' म्हणून गेले, मग जीभ चावून 'ताई' म्हणाले. बाई म्हणाल्या, "काहीही म्हणा सर, फक्त फळ्यावर अक्षर मोठं काढा." सुरुवातीला डोक्यावरून पाणी जाई. साठा किती ठेवावा, नवा माल कधी मागवावा, याची गणितं फळ्यावर आली की बाई नुसता फळा वहीत उतरवून घेत. पण एकदा उमगलं की हे सगळं आपण बावीस वर्षं बोटांवर करतोच आहोत, तेव्हा जरा धीर आला. दुपारच्या सुट्टीत सलाईनच्या खोक्यावर बसून त्या गणितं सोडवत.

एका रविवारी सरांनी वर्गात एक खेळ मांडला. चार बाक, एकामागे एक. पहिला दुकानदार, दुसरा घाऊक व्यापारी, तिसरा गोदाम, शेवटचा साबणाचा कारखाना. बोलायचं नाही, फक्त मागच्या बाकाला चिठ्ठी द्यायची, इतके साबण पाठवा. बाई कारखान्यावर. आधी चार-चार साबणांच्या चिठ्ठ्या येत होत्या. मग आठ आली, मग वीस, मग चाळीस. बाईंनी पदर खोचून कागदाचे साबण केले. अन् एकाएकी चिठ्ठ्या कोऱ्या. बाईंपुढे साठ साबणांचा ढीग, घ्यायला कुणी नाही.

"अहो गोदामवाले, डोकं ठिकाणावर आहे ना?" बाई कडाडल्या. गोदामवाल्यानं व्यापाऱ्याकडे बोट दाखवलं, व्यापाऱ्यानं दुकानदाराकडे. सरांनी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या उलगडल्या. गिऱ्हाइकानं आधी दर आठवड्याला चार साबण मागितले होते, नंतर सहा. बस्स, एवढंच. चाराचे सहा झाले आणि प्रत्येकानं पुढे सांगताना थोडी भीती आपल्या पदरची घातली.

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण बसमध्ये बसल्यावर हसू गळून गेलं.

शेवटच्या सहामाहीत प्रकल्प होता. आपल्याच कामातली एक अडचण घ्यायची, आकड्यांनी मांडायची, उपाय सांगायचा. इस्पितळाचे अधीक्षक ऐकायला येणार होते आणि त्यावरूनच प्रमुखपदाचं ठरवणार होते. बाईंनी पिवळ्या सुया घेतल्या. लहान मुलांना सलाईन लावायची ती बारीक सुई, टोपण पिवळं. वर्षातून तीनदा तरी ती संपे आणि वॉर्डात हलकल्लोळ होई. बाईंच्या मते दोष उघड होता. वॉर्डवाले वाट्टेल तसे आकडे मागतात.

पण सर म्हणाले, "ताई, मागितलेलं नको. वापरलेलं मोजा."

म्हणून चार आठवडे बाई रोज सकाळी मुलांच्या वॉर्डात जाऊन डब्यात साठलेली पिवळी टोपणं मोजू लागल्या. आठवड्याला चाळीसच्या आसपास. कधी अडतीस, कधी त्रेचाळीस. ताटातल्या पोळ्या मोजाव्यात इतकं सोपं. आणि नणंदेची मागणी दर आठवड्याला ऐंशी.

"वन्सं, चाळीस लागतात तर ऐंशी कशाला मागता?"

"कारण तू निम्म्या देतेस."

"तुम्ही दुप्पट मागता म्हणून मी निम्म्या देते!"

मग नणंदेला असं हसू फुटलं की एक तापाचं पोर जागं झालं. "म्हणजे वहिनी, बारा वर्षं आपण दोघी खोटं बोलतोय आणि हिशेब बरोबर येतोय?"

"येतोय कसला? मग संपतात कशा?"

नणंद हसायची थांबली. "तापाची साथ आली की मला दहा जास्त लागतात. पण मला माहीत, तू हात आखडणार. म्हणून मी दीडशे लिहिते."

आणि दीडशेचा आकडा पाहिला की आपण काय करतो, ते बाईंना सांगावं लागलं नाही. बाईंना वाटे, वॉर्ड साठा करतोय, आता टंचाई येणार. त्या तीसच देत, पुरवठादाराकडे सहाशे मागत आणि आलेल्यातली दोन खोकी गुपचूप राखाडी कपाटात टाकत. पुरवठादार बिचकून निम्मा माल पाठवी, पुढल्या महिन्यात सगळा एकदम. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. साबणाच्या कारखान्यावर ओरडणारी बाई स्वतःच चारही बाकांवर बसली होती.

आलेख काढायला मुलगी मदतीला बसली. जेवणाचं टेबल कागदांनी भरलं. तिनं तीन वर्षांची आवक लिहिली, जावक लिहिली, शिल्लक लिहिली आणि पेन्सिल दातांत धरली.

"आई, जुळत नाहीये. साडेपाचशे सुया आल्यात, पण वॉर्डात गेल्या नाहीत आणि भांडारातही दिसत नाहीत. गेल्या कुठे?"

बाई पाणी प्यायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी चष्म्याच्या डबीतून बारावी किल्ली काढली. कपाटात पिवळ्या सुयांची अकरा खोकी निघाली, एकेकात पन्नास. जी खोकी मागे होती ती सगळ्यात जुनी, कारण बाई नेहमी पुढून ठेवत आणि काढत कधीच नसत. चार खोक्यांवरची तारीख उलटून गेली होती. दोनशे सुया, फेकायच्या.

बाई खोक्यावर टेकल्या. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट त्यांना आठवली. नणंद स्वतः जिना उतरून आली होती. "वहिनी, खरंच एकही नाही गं. मोठ्या सुईनं टोचतोय पोरांना. शीर सापडत नाही, रडून रडून निळी पडतात." बाईंनी तोंडभर सांगितलं होतं, माल मागे आहे. मनात म्हणाल्या होत्या, वन्सं, तुमच्या कपाटात असणारच, मी काय ओळखत नाही तुम्हाला? कपाट होतं ते दहा पावलांवर. उघडावंसं वाटलं नाही, कारण ते खऱ्या अडीनडीसाठी होतं, आणि खरी अडीनडी नेहमी उद्याची असे. तीन दिवस असे गेले होते.

नणंदेला त्यांनी जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं.

"तेव्हा होत्या?"

"होत्या."

"कितीशा?"

"अकरा खोकी."

नणंदेनं कठडा घट्ट धरला. मग म्हणाली, "मला आत्ता तुझा खूप राग आलाय. पण ऐक. हे त्या अहवालात लिहू नकोस. पुरवठादारावर ढकल. तो कुठे उत्तर द्यायला येतोय? अधीक्षक खुर्ची काढून घेतील. दोन वर्षं पाण्यात."

"मग साडेपाचशे सुया कुठे दाखवू?"

"उंदरांनी नेल्या म्हणून सांग!"

बाईंनाही मोह झाला नाही असं नाही. त्यांनी एक कागद तसा लिहूनही पाहिला. पुरवठादार अनियमित, वॉर्डांची मागणी अवास्तव. खोटं त्यात काहीच नव्हतं, तरी तो वाचून त्यांनी चार घड्या घालून बाजूला ठेवला. उपाय म्हणून काय लिहायचं, हा खरा पेच होता. कपाट वगळलं तर उपाय निघतच नव्हता. वर्ष संपलं असतं, त्या प्रमुख झाल्या असत्या, आणि पुढल्या साथीत पोरांना पुन्हा मोठी सुई.

सादरीकरणाच्या दिवशी वर्गात शेवटच्या रांगेत मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि ड्यूटी बदलून आलेली नणंद बसली होती. पुढे सर आणि अधीक्षक. बाईंनी टोपणं मोजल्याचं सांगितलं, ऐंशी आणि चाळीसची गंमत सांगितली. लोक हसले. मग आलेखातल्या साडेपाचशेच्या खड्ड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं टेबलावर बारावी किल्ली ठेवली.

"साहेब, या सुया माझ्याकडे आहेत. कपाटात. त्यातल्या दोनशे वाया गेल्या. वॉर्डात तीन दिवस सुई नव्हती तेव्हाही त्या तिथेच होत्या. मी त्यांना दिल्या नाहीत."

अधीक्षकांनी किल्ली उचलून पाहिली.

"हे कपाट कुणाच्या परवानगीनं?" अधीक्षकांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. एकदा तुमच्या आधीच्या साहेबांनी पाठ थोपटली होती, तेवढीच परवानगी."

"आणि उपाय?"

"कपाटाचं दार काढायचं. राखीव साठा ठेवायचाच, पण उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा, जुना आधी जाईल असा. आणि वॉर्डानं खरा आकडा लिहिला तर मी पुरा द्यायचा. एकही कमी नाही. पहिल्यांदा मी पाळीन, मग त्या पाळतील."

मागून नणंद उभी राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, माझ्याही ड्रॉवरमध्ये आता साठ आहेत. रात्रपाळीच्या पोरींपासून लपवलेल्या. उद्या भांडारात जमा करते." आणि खाली बसताना पुटपुटली, "हिच्या नादाला लागून माझंही पितळ उघडं."

विद्यापीठानं बाईंना चांगल्या गुणांनी पास केलं. इस्पितळानं त्यांना वाया गेलेल्या सुयांबद्दल लेखी ताकीद दिली आणि प्रमुखपद सहा महिने लांबवलं. आधी दाखवा, मग बघू, असं अधीक्षक म्हणाले. बाईंना ते लागलं. ताकिदीचा कागद त्यांनी प्रमाणपत्राच्याच फाईलमध्ये लावला, त्याच्या मागे. मुलगी म्हणाली, "आई, हे कशाला जपतेस?" बाई म्हणाल्या, "तोही त्याच अभ्यासक्रमात मिळालाय."

सुताराला बोलावून कपाटाचं दार काढून घेतलं. बिजागऱ्यांची भोकं तेवढी राहिली.

सोमवारी मुलांच्या वॉर्डातून चिठ्ठी आली. नणंदेचं अक्षर, आकडा एकच: एक्केचाळीस. ना ऐंशी, ना पन्नास. असा विषम, अडनिडा आकडा चोवीस वर्षांत कुठल्याच वॉर्डानं मागितला नव्हता. बाईंचा हात सवयीनं वीसवर थांबला. त्यांनी स्वतःच्या हाताकडे जरा रागानं पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या, मोठ्यानं, आणि एक्केचाळिसावी सुई वर ठेवून पाकीट बंद केलं.