न जोडलेल्या फॉग लाइट

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर मी येते ती झोप लागत नाही म्हणून. आईला रात्री सारखं उठवून बाथरूमला न्यावं लागतं, मधे डोळा लागत नाही, मग तुमचे अनुभव वाचत पडते. कुणाला झाडावर बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मला हसू येतं. मी तलासरीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. भूत, करणी, 'बाहेरचं' असलं काही मी घरात कुणाला बोलूही देत नाही. तरी आज लिहितेय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा, मीही हसलेच असते.

आम्ही डहाणूला राहतो. मिस्टर रेल्वेत आहेत, ड्यूटीचा काही नेम नाही. मी रोज स्कूटरनं तलासरीला जाऊन येऊन करते. थंडीत कॉलेजातून निघेपर्यंत उन्हं उतरलेली असतात, आतल्या रस्त्याला दोन्हीकडून झाडं, आणि माझ्या गाडीचा हेडलाइट म्हणजे देवापुढची समई बरी. समोरून डंपर आला की काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून गेल्याच्या गेल्या डिसेंबरात पुढे दोन फॉग लाइट बसवून घ्यायचं ठरवलं.

आई माझ्याकडेच असते. माझी आई, सासूबाई नव्हे. विसरण्याचा आजार आहे, आणि कानानंही कमी ऐकू येतं. तिचं माहेर कोसबाडकडच्या एका पाड्यावर होतं. आता तिथं आमचं कुणी नाही, चिकूची वाडीही केव्हाच दुसऱ्याची झाली. पण हिची रोज संध्याकाळी एकच रट — मी घरी जाते. पिशवी घ्यायची आणि दाराशी उभं राहायचं. आई, हेच घर आहे, असं सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा.

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर गाडी दिलीपभाईंकडे टाकली. तलासरीत हायवेच्या कडेला त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यांनी लाइट बसवल्या, वायरी पुढच्या कव्हरमधून आत घेतल्या, आणि बघतात तर दुकानातला रिले, म्हणजे बॅटरीतून लाइटला थेट करंट देणारा स्विच, संपलेला.

"मॅडम, हॉर्नच्या लाइनवरून डायरेक्ट मारून देतो ना. दोन मिनटाचं काम."

"अजिबात नको," मी म्हटलं. "रिले आणि फ्यूज घातल्याशिवाय मी जोडू देणार नाही. हॉर्नची वायर एवढा लोड घेणार का? जळली तर?"

"टीचरशी कोण वाद घालणार!" ते हसले. "मग उद्या या. माल मागवतो."

वायरींची उघडी टोकं त्यांनी माझ्यासमोर टेप गुंडाळून कव्हरच्या आत सारली. लालही आणि काळीही, दोन्ही मोकळी. बटण तर अजून बसवलंच नव्हतं. हे मी एवढं सांगतेय, कारण पुढचं सगळं इथेच अडतं.

या भानगडीत मला उशीर झाला. आईजवळ बसणाऱ्या मावशी माझी वाट बघून दूध आणायला कोपऱ्यावर गेल्या, तेवढ्यात आई पसार. मी पोचले तर मावशी दारात रडत होत्या आणि शेजारच्या जसुबेन हातवारे करून सांगत होत्या, "अरे बेन, तमारां बा तो रिक्षामां बेसी गयां! मला वाटलं तुम्हीच बोलावली रिक्षा."

खरं सांगू? आधी भीती नाही वाटली. आधी वाटलं, देवा, आज नको रे. आज माझ्यात जोर नाही. भीती मागून आली.

मिस्टरांना फोन केला, ते पालघरहून निघाले. मी गाडी कोसबाडकडे दामटली. ती दुसरीकडे कुठे जाणार! वाटेत ज्याला त्याला विचारलं. चढाच्या अलीकडे एका टपरीवाल्यानं सांगितलं, हो, एक म्हातारी रिक्षातून उतरून वाडीत शिरली. कुठली वाडी, ते त्यालाही नीट सांगता येईना. सूर्य केव्हाच बुडाला होता. चिकूच्या झाडांखाली तर काळोख दाटला होता. ती झाडं कशी खाली टेकलेली असतात, तुम्हाला माहीत आहे.

मी रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडवर लावली. तोंड वाडीकडे. इंजिन बंद केलं, म्हणजे काही चाहूल लागली तर कळेल. माझ्या गाडीचं इंजिन बंद झालं की हेडलाइटही जातो. चावी काढून मुठीत धरली. "आई! ए आई!" घसा फुटेस्तोवर ओरडले. पण जिला कानाशी बोललेलं कळत नाही तिला ही हाक काय ऐकू जाणार? शेवटी अंगातलं सगळं बळच गेलं. तिथेच एका दगडावर बसले. उठून कुठल्या झाडाखाली बघायचं तेच कळेना.

आणि फॉग लाइट लागल्या.

दोन्ही. मिणमिण नाही, भक्क. झाडांचे बुंधे, खालचा पाचोळा, पार आतपर्यंत सगळं लख्ख दिसायला लागलं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तर राग! म्हटलं, या दिलीपभाईंनी माझी नजर चुकवून डायरेक्ट मारलंच शेवटी. मग मुठीत चावी टोचली... आणि आठवलं, टोकं मोकळी आहेत.

तेवढ्यात आत झाडांमधून आई येताना दिसली. एका पायात चप्पल, लुगड्याचा काठ ओला, हातात पिशवी. डोळ्यांवर आडवा हात धरून सरळ माझ्याकडे चालत आली आणि वर मलाच झापलं —

"केव्हाची लाइट दाखवतेस गं बाय! मी तिकडनं येतेच आहे ना. बंद कर, डोळ्यांवर येते."

केव्हाची? लाइट तर आत्ता लागल्या होत्या. तिला धरलं, गाडीपाशी आणलं, सीटवर बसवलं. ती नीट बसली, तिनं माझा खांदा धरला, आणि लाइट विझल्या. मग मात्र मला जे रडू फुटलं ते मिस्टर येईपर्यंत थांबलं नाही. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. कशासाठी रडतेय हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर तिची दुसरी चप्पल शोधायला त्या वाडीत गेले. परत आले ते आधी पाणी प्यायले. मग सांगितलं, आत एक जुनी विहीर आहे, कठडा नाही, कडेला सगळं निसरडं. चप्पल अगदी काठावर होती.

मी तशीच तलासरीला दिलीपभाईंकडे गेले. म्हटलं, उघडा. त्यांनी कव्हर काढलं. लाल वायर, काळी वायर, दोन्हीवर टेप जशीच्या तशी, आदल्या दिवशी आत सारल्या होत्या तशाच. मीटर लावला. शून्य. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी हातातली पक्कडच खाली ठेवली. "मॅडम, हे लागूच शकत नाही," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, नारळ फोडा एक. मी फोडला. हो, मी! कॉलेजात कुणाला सांगू नका.

मी डोकं लावलं नाही असं नाही. करंटच्या लीकेजनं एलईडी लाइट मिणमिणते, पण तिलाही कुठेतरी जोड लागते. मागून कुठली गाडी आली असेल आणि तिचा उजेड पडला असेल? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. थकव्यानं मला भास झाला म्हणावं, तर आईलाही दिसलं. आणि आईचं काय खरं धरायचं म्हणावं, तर ती त्या काठावरून मागे वळली कशी?

रिले बसला, फ्यूज बसला, बटण बसलं. तेव्हापासून त्या लाइट चारचौघींसारख्या बटण दाबल्यावर लागतात. आई नंतर आणखी एकदा निघून गेली होती, समुद्राकडे. तेव्हा गाडीनं काही केलं नाही. मासळीवाल्या बायकांनी तिला ओळखून बसवून ठेवलं होतं.

कारण मला आजही सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण 'तुमचे गेलेले वडील असतील' वगैरे नको, तसलं मी ऐकून घेणार नाही. काल रात्रीही तिनं मला झोपू दिलं नाही. पहाटे मी ओरडले तिच्यावर, वाट्टेल ते बोलले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकता टाकता एकदम भरून आलं — ओरडायला ती घरात आहे.